एका भेटीचा अहवाल: महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: बालकांच्या गृहचौकशीसाठी व घरी पाठवल्यानंतरच्या पाठपुराव्यासाठी पुरेसा वेळ आणि स्थिर मनुष्यबळ मिळण्याबाबत

माननीय महोदया,

बालकल्याण समितीसमोर, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या समितीसमोर, एखादे मूल पहिल्यांदा आणले जाते तेव्हा समितीच्या टेबलावर त्याच्याविषयी फार थोडे असते. पोलिसांचे एक पत्र, वैद्यकीय तपासणीचा कागद आणि मुलाने घाबरत सांगितलेले, कित्येकदा खोटे, नाव-गाव. ते मूल घरी जाणार, आजोळी जाणार की बालगृहात राहणार, हे पुढे ज्या कागदावर ठरते तो म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल. आमच्या रोजच्या बोलण्यात गृहचौकशी. मी एकवीस वर्षे असे अहवाल लिहिले आणि त्यानंतर काही वर्षे इतरांनी लिहिलेले तपासले. त्या कामात जे दिसले ते आपल्यापुढे ठेवावे म्हणून हे पत्र.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी रेल्वे स्थानकावर सापडलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाची चौकशी माझ्याकडे आली (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). त्याने सांगितलेल्या वस्तीत मी दुपारी दोनच्या सुमारास पोहोचले. घराला कुलूप होते, शेजारणीने ‘ती बाई रात्र-रात्र बाहेर असते’ एवढेच सांगितले आणि परतीची एसटी गाठायची असल्याने मी तिच्याकडे निरोप ठेवून निघाले. आईचे दुर्लक्ष, घरचे वातावरण अयोग्य, बालगृहात ठेवण्याची शिफारस, असा अहवाल मी मुदतीत सादर केला. त्या महिन्यात माझ्याकडे चाळीसच्या वर फाइली होत्या. जवळजवळ सव्वा वर्षाने एका सहकाऱ्याने सकाळी साडेसहाला तेच घर गाठले तेव्हा आई भेटली. ती आचाऱ्याच्या हाताखाली पोळ्या लाटायला जात असे आणि लग्नसराईत तिला कामाच्या जागीच मुक्काम करावा लागे. माझा निरोप तिला मिळाला होता, पण बालगृहात गेलो तर आपल्यालाच पोलीस धरतील या भीतीने ती आली नव्हती. मूल पळाले होते ते घरी राहायला आलेल्या मामाच्या माराला कंटाळून. चार किलोमीटरवरच्या गावात त्याची आजी राहत होती आणि नातवाला सांभाळायला ती पहिल्या दिवसापासून तयार होती. तिला कुणी विचारलेच नव्हते.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या बाबतीत नि:संदिग्ध आहे. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणे हा वाजवी चौकशीनंतरचा अखेरचा उपाय, हे त्याच्या मूलभूत तत्त्वांत लिहिलेले आहे. कलम ३६ नुसार सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत व्हायची असते, जेणेकरून मूल प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत समितीला अंतिम आदेश देता यावा. कलम ३९ नुसार पुनर्वसन प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक काळजी आराखड्याप्रमाणे करायचे असते. पंधरा दिवसांच्या मुदतीला माझा विरोध नाही, कारण मुदत नसती तर मुले वर्षानुवर्षे खितपत पडली असती. माझा आक्षेप एवढाच आहे की ‘वाजवी चौकशी’ या शब्दांचा अर्थ आपल्याकडे एक भेट आणि एक भरलेला फॉर्म असा होऊन बसला आहे.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात ज्याला व्यक्तिसहाय्यकार्य किंवा सरळ केसवर्क म्हणतात, म्हणजे एकेका व्यक्तीची व तिच्या कुटुंबाची अडचण समजून घेऊन मदत करणे, त्याची सुरुवातच मुळी दुसऱ्या भेटीपासून होते. पहिल्या भेटीत कुटुंब दाखवते ते सरकारी माणसाला दाखवायचे घर असते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला चहा पुढे येतो, मग कर्ज कळते, दारू कळते, सासरची भांडणे कळतात आणि मुलाविषयीची मायाही कळते. मुलाचेही तसेच आहे. वेगवेगळ्या टेबलांवर तीच कहाणी पाच वेळा सांगून थकलेले मूल सहाव्या माणसाला काहीच सांगत नाही, किंवा त्याला जे ऐकायचे आहे तेवढेच सांगते. लोक आम्हाला ‘समाजसेविका’ म्हणतात, जणू हे पुण्याचे काम आहे आणि मन चांगले असले की पुरते. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळा सुरू झाली, ती हे शिकून करण्याचे काम आहे म्हणूनच. देशातील समाजकार्याचे पहिले व्यावसायिक शिक्षण ज्या राज्यात सुरू झाले, त्या राज्यात तरी हा फरक शासनाला समजावून सांगावा लागू नये.

केसवर्क म्हणजे मुलाला कसेही करून घरी पोहोचवणे, असाही गैरसमज मी विभागातच ऐकला आहे. संस्थांमधील मुलांची संख्या कमी करण्याचा आग्रह योग्यच आहे, पण त्या आग्रहापोटी ‘पालक नेण्यास तयार’ या तीन शब्दांवर घरी सोडलेली एक चौदा वर्षांची मुलगी मला माहीत आहे. ती घरातून का निघून गेली होती हे तिला एकांतात कुणी विचारले नव्हते, आणि ताबा दिल्यानंतर त्या घरी कुणी फिरकलेही नाही. तीन महिन्यांनी तिचे लग्न लावून दिल्याचे समजले. कागदोपत्री मात्र ते प्रकरण ‘पुनर्स्थापना पूर्ण’ असे बंद झालेले होते.

योजनांच्या बाबतीत शासनाने केलेली वाढ स्वागतार्ह आहे. गरजू मुलांना संस्थेऐवजी कुटुंबात वाढवण्यासाठीच्या बालसंगोपन योजनेचे अनुदान ११०० रुपयांवरून दरमहा २२५० रुपये झाले, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखालील प्रायोजकत्वाची (मुलाच्या संगोपनासाठी कुटुंबाला मिळणाऱ्या मदतीची) रक्कम दरमहा ४००० रुपये आहे. पैशाने घर टिकते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे मृत्यूचा दाखला नसतो आणि घटस्फोटाचा कागदही नसतो. शिधापत्रिकेवर अजून सासऱ्याचे नाव असते आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिची एक-एक दिवसाची मजुरी बुडते. तिच्याबरोबर तलाठ्याकडे आणि तहसीलला जाणे हेही केसवर्कच आहे, मात्र मासिक प्रपत्रात या कामासाठी रकानाच नाही. लाभार्थी किती आणि अहवाल किती, एवढेच त्यात विचारलेले असते. जे मोजले जात नाही त्यासाठी कर्मचारी वेळ तरी कुठून काढणार?

म्हणून माझी विनंती अशी की जिल्हा बाल संरक्षण कक्षातील एका कार्यकर्त्याकडे एका वेळी जास्तीत जास्त किती मुले असावीत, याची मर्यादा विभागाने क्षेत्रातल्या लोकांशी बोलून ठरवावी आणि ती लेखी असावी. जिल्ह्याचा विस्तार पाहता हा कक्ष किती तोकडा आहे हे आपण जाणताच, आणि तिथले बहुतेक जण कंत्राटी आहेत. कंत्राटाचे नूतनीकरण लांबले की अनुभवी माणूस दुसरी नोकरी धरतो, आणि मुलाच्या दृष्टीने तो आणखी एक सोडून गेलेला मोठा माणूस ठरतो. माणूस बदलणे अटळच असेल, तर निदान जुन्याने नव्याची मुलाशी समक्ष ओळख करून द्यावी, नुसती फाइल सोपवू नये. गृहभेटीचा प्रवासखर्च आगाऊ मिळावा. खिशातून भाडे घालून तिसऱ्यांदा पाड्यावर जाणारे सहकारी मी पाहिले आहेत, पण व्यवस्था त्यांच्या भरवशावर चालवणे योग्य नाही. आणि दर आठवड्याला दोन तास तरी प्रत्येक कक्षात अवघड प्रकरणांवर अनुभवी व्यक्तीसोबत चर्चा व्हावी. मामाच्या माराचे ते प्रकरण अशा चर्चेत आले असते, तर ‘तू तिथे किती वाजता गेली होतीस?’ हा प्रश्न मला कुणीतरी नक्की विचारला असता.

हे सगळे राज्यभर एकदम होणार नाही, याची मला कल्पना आहे. सुरुवात म्हणून कोणताही एक जिल्हा निवडावा. गेल्या वर्षी तिथल्या समितीने घरी पाठवलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी प्रशिक्षित कार्यकर्त्याला पाठवावे, पूर्वी न कळवता आणि आई-वडील कामावरून परतलेले असतील अशा वेळी. मूल तिथे आहे का, शाळेत जाते का आणि त्याला तिथे राहावेसे वाटते का, एवढे पाहून जे आढळेल ते मुलांची ओळख उघड न करता प्रसिद्ध करावे. या कामासाठी माझ्यासारखे काही निवृत्त लोक विनामोबदला यायला तयार आहेत. आम्हाला फक्त बसभाडे आणि विभागाचे ओळखपत्र द्यावे.

आपली विश्वासू,
बालसंरक्षण क्षेत्रातील एक निवृत्त समाजकार्यकर्ती