शेवटची चूळ भरताना

महोदय,

टूथपेस्टच्या जाहिरातीत ‘बारा तास संरक्षण’ ऐकले की औषध बारा तास तोंडातच बसून राहते, असा समज होतो. कीड रोखणाऱ्या फ्लोराइडचे गणित वेगळे आहे. आपल्याकडच्या फ्लोराइड टूथपेस्टमध्ये ते १००० पीपीएमपर्यंत, म्हणजे एका ग्रॅममध्ये सुमारे १ मिलिग्रॅम असते. फेस थुंकल्यावर लाळेतले प्रमाण पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात झपाट्याने उतरते, मग तास-दोन तास हळूहळू. कारण साधे आहे. लाळ मिनिटाला सुमारे ०.३ मिलिलिटर पाझरत असते आणि प्रत्येक घोटाबरोबर आधीची गिळली जाते. झोपेत मात्र ती जवळपास थांबते, त्यामुळे रात्री लावलेले फ्लोराइड जास्त वेळ टिकते. सकाळी घाईने दोनदा घासण्यापेक्षा रात्रीचे एकदाचे घासणे चुकवू नये, ते यासाठी.

दातांवर आणि किटणात फ्लोराइडचे कॅल्शियमबरोबर बारीक कण साठतात. खाल्ल्यावर तोंडात आम्ल तयार झाले की ते विरघळून फ्लोराइड सोडतात. खरे काम या शिलकीचे, आणि ती आपण खळखळून चार चुळा भरून बेसिनमध्ये घालवतो! फेस दोन-तीनदा नीट थुंकावा, चूळ भरू नये. अगदीच राहवत नसेल तर एकच घोट पाणी तोंडात फिरवून टाकावे. त्यानंतर अर्धा तास खाणे-पिणे नको. घासले की लगेच चहा, या आपल्या क्रमात मध्ये अंघोळ घातली तरी काम भागते. तोंडातला गारवा मेन्थॉलचा असतो. फ्लोराइड उरले आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

बारा तासांच्या जवळ जाणारा पदार्थ म्हणजे क्लोरहेक्झिडीन हे जंतुनाशक, पण ते बहुधा माउथवॉशमध्ये असते. त्यावरच्या धन विद्युतभारामुळे ते दातांना व हिरड्यांना चिकटते आणि तासन् तास सुटत राहते. मात्र टूथपेस्टला फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट त्याला निकामी करते. म्हणून घासल्यावर लगेच ते वापरू नये. निदान अर्धा तास, जमल्यास दोन तास जाऊ द्यावेत. नेमके उलटे सर्रास होते, आणि वर माउथवॉशने गुण येत नाही ही तक्रार. दात शिवशिवतात म्हणून घेतलेल्या पोटॅशियम नायट्रेटच्या पेस्टचेही तसेच: रोज वापरली तर फरक दोन ते चार आठवड्यांनी दिसतो, आणि लोक चौथ्या दिवशी ट्यूब बदलतात.

मुलांबाबत चूळ न भरण्याचा सल्ला प्रमाण सांगितल्याशिवाय देऊ नये. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढीच पेस्ट, तीही मोठ्यांनी लावून द्यावी आणि थुंकायला शिकवावे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या गावांत विंधन विहिरीच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे लहान मुलांसाठी पेस्ट निवडण्याआधी दंतवैद्याला विचारावे. गिळलेले फ्लोराइड घडणाऱ्या दातांवर डाग पाडते.

कंपन्यांनी जाहिरातीतील ब्रशभर पसरलेली पेस्ट दाखवणे थांबवावे आणि ट्यूबवर ठळक मराठीत छापावे: ‘थुंका, चूळ भरू नका.’

— एक दंतवैद्य, सातारा