पान्यांचे पैसे कुठे घालायचे

नौपाडा, ठाणे
28 मे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. स्कूटर आणि गाडीची किरकोळ कामं यापुढे खारघरच्या पार्किंगमध्ये स्वतःच करायची ठरवलीस, वाचून फार बरं वाटलं. हत्यारं एकदाच महागडी घेऊ की आधी स्वस्तातली घेऊन बघू, असं विचारलंयस. माझं ऐकशील तर सगळी पेटी एकाच दर्जाची घेऊ नकोस. जे हत्यार फसलं की बोल्टचं डोकं, इंजिनातले आटे किंवा तुझी बोटं जातात, तिथे पैशाला हात सैल सोड. जे फसलं तर फक्त तेच भंगारात जातं, ते स्वस्तातलं बिनधास्त घे.

सुरुवात 10च्या मापापासून करतो, कारण तुझ्या दोन्ही गाड्यांवर सगळ्यात जास्त बोल्ट याच मापाचे निघतील. एम 6, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीच्या आट्यांच्या बोल्टचं डोकं 10 मिलिमीटरचं म्हणतात, पण मानकाप्रमाणे ते 9.78पर्यंत भरलं तरी चालतं. त्यात पान्याचा जबडा थोडा सैल निघाला, की पाना डोक्याच्या सपाट बाजूवर बसतच नाही, कोपऱ्यावर टेकतो. जोर दिला की कोपरा दबतो, पुढच्या वेळी आणखी दबतो आणि डोकं गोल होतं. त्या दहा रुपयांच्या बोल्टसाठी मग ड्रिल मारायची वेळ येते. म्हणून 8, 10, 12 आणि 14 या चार मापांच्या गोट्या (बोल्टच्या डोक्यावर बसणारे सॉकेट) चांगल्या कंपनीच्या आणि सहा कोनीच घे. बारा कोनी गोटी पटकन बसते खरी, पण तिची पकड कोपऱ्याच्या जवळ पडते, आणि गंजलेल्या बोल्टला ते सोसत नाही.

दुकानात जाताना खिशात एम 6 आणि एम 8चा एकेक कोरा बोल्ट ठेव. गोटी त्यावर घालून हलवून बघ, जरा हलणारच. डुगडुगायला लागली तर परत दे. मग मोबाइलचा टॉर्च लावून गोटीच्या आत बघ. चांगल्या गोटीत सहाही कोपऱ्यांत अर्धगोल खाच काढलेली दिसते, त्यामुळे जोर बोल्टच्या कोपऱ्यावर न येता थोडा आत, सपाट बाजूवर येतो. हलक्या गोटीत कोपरे टोकदार असतात आणि बऱ्याचदा भोकही मध्यावर नसतं, एका बाजूची भिंत जाड आणि दुसरीकडची पातळ. तडा पातळ बाजूलाच जातो.

जपानी पद्धतीत एम 8 बोल्टला 12चं आणि एम 10ला 14चं डोकं असतं. युरोपीय पद्धतीत तेच 13 आणि 16 किंवा 17 होतं. तुझ्याकडे होंडा आणि मारुती, त्यामुळे 8, 10, 12, 14, 17, 19 एवढ्यावर बहुतेक भागेल. घरात पुढे बजाज किंवा एनफिल्ड आलीच तर 13चा एक पाना जोड. 108 नगांची पेटी घेतलीस तर निम्म्याहून जास्त नग कधी हातात येणार नाहीत, आणि रोज लागणाऱ्या चार गोट्यांचा दर्जा सेटच्या किमतीत बुडालेला असेल.

ऑनलाइन सगळीकडे दिसणारा तो 46 नगांचा पाव इंची (हे गोटी बसवायच्या चौकोनी खुंट्याचं माप) सेट तुझ्याही नजरेत भरला असणार. तो वाईट नाही, फक्त त्याचं काम ओळखून घे. स्कूटरचे पॅनल, एअर फिल्टरचं झाकण, बॅटरीच्या वायरी यांना तो पुरतो. त्यातली बिटं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची सुटी टोकं, मऊ असतात, ती पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेव. त्याच्या रॅचेटला, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या दांडीला, पाइप लावून जोर काढायचा नाही, आतले बारीक दाते सरकतात आणि मूठ लोखंडावर आपटते. चाकाच्या नटाला तर तो लावूच नकोस. तिथे अर्धा इंची लांब बार आणि नटाच्या मापाची खोल गोटी लागते, आणि हा बार कुठल्याही कंपनीचा चालेल.

सपाट आणि रिंग पान्यांसाठी तापारिया घे. माल आपल्या नाशिकचा, सातपूरचा. घरच्या कामाला त्याच्या वर जायची गरज क्वचितच पडते. एका जर्मन पान्याच्या पैशांत त्यांचा जवळजवळ अख्खा सेट येतो. एक पाना हरवला तर जांभळी नाक्याच्या दुकानात तेवढाच सुटा मिळतो, ही सोय परदेशी ब्रँडच्या आजीवन वॉरंटीपेक्षा मला मोठी वाटते. मात्र बिल घेऊन घे. फुटपाथवर नावात एखादं अक्षर इकडे-तिकडे करून विकलेला माल असतो, त्याचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो आणि ब्लेडसारखा बोट कापतो. नट मोकळा करताना पहिला जोर रिंगच्या बाजूने दे, उघड्या जबड्याची बाजू सैल झालेला नट पटापट फिरवण्यासाठी ठेव. पाना नेहमी स्वतःकडे ओढायचा. ढकलावाच लागला तर तळहात उघडा ठेवून ढकल, निसटला तर निदान बोटांचे पेर वाचतात.

गाडीच्या ब्रेकच्या पाइपांवरचे नट मात्र साध्या पान्याने कधीच सोडू नकोस. ते मऊ आणि बहुतेक 10चे असतात, उघडा जबडा त्यांच्या दोनच बाजू धरतो. त्यासाठी तोंडाला फट ठेवलेला रिंगसारखा फ्लेअर नट पाना मिळतो. तो एकच घे, पण चांगला घे. तो नट गोल झाला तर अख्खा पाइप बदलावा लागतो.

आता स्क्रू ड्रायव्हर. इथे मी महागातलं घ्यायला सांगेन, आणि तेही जपानी. होंडा, यामाहा, सुझुकी यांच्या स्कूटर-मोटारसायकलींवरचे फुलीचे स्क्रू दिसायला साधे फिलिप्स वाटतात, पण पुष्कळदा जपानी जेआयएस मापाचे असतात. काही स्क्रूंच्या डोक्यावर खूण म्हणून एक बारीक ठिपका असतो. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही. जोर दिला की ते वर उचललं जातं आणि फुलीच्या कडा सोलल्या जातात. ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणाचे दोन छोटे स्क्रू इतक्या गाड्यांवर खराब झालेले दिसतात, त्याचं एक मोठं कारण हेच. ओसाकाच्या व्हेसल कंपनीचे 2 आणि 3 नंबरचे ड्रायव्हर घे. 3 नंबर विसरू नकोस: इंजिनाच्या बाजूच्या झाकणांवर मोठे स्क्रू असले तर तिथे 2 नंबर लावणं म्हणजे स्क्रू घालवणं. घट्ट बसलेल्या स्क्रूसाठी ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वेगळा मिळतो. त्यावर हातोडी मारली की टोक आत दाबलं जातं आणि त्याच क्षणी थोडं फिरतं, म्हणून ते निसटत नाही. तो साधा घेतलास तरी चालेल, त्यात बिट मात्र चांगलं बसव.

एलन कीच्या, म्हणजे षट्कोनी चावीच्या बाबतीतही काटकसर नको. एम 6च्या गोल डोक्याच्या खोल बोल्टला 5ची आणि एम 8ला 6ची लागते. पण घुमटासारखं चपटं डोकं असलेल्या बोल्टला तीच मापं एकेक पायरी खाली उतरतात, 4 आणि 5. डिस्क ब्रेकची थाळी पुष्कळदा अशाच बोल्टांनी धरलेली असते आणि वर आट्यांना गोंद लावलेला असतो. तिथे हलकी चावी आधी पिळवटते आणि मग खाच गोल करते. बोल्टला हीट गनने भरपूर गरम कर, मग सरळ टोकाची चावी हलक्या हातोडीने तळापर्यंत ठोकून बसव आणि एकदाच ठाम जोर दे. गोळी-टोकाची बाजू फक्त सैल बोल्ट फिरवण्यासाठी असते, पहिला जोर तिने द्यायचा नाही.

टॉर्क रेंचबद्दल, म्हणजे ठरवलेला पीळ (टॉर्क) आला की टक असा आवाज करणाऱ्या पान्याबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण घरच्या कामात सगळ्यात जास्त नुकसान सोडताना होत नाही, आवळताना होतं. हिशेब साधा आहे. 20 सेंटिमीटरच्या रॅचेटच्या टोकाला पाच किलोचा जोर दिला की सुमारे 10 न्यूटन-मीटर (टॉर्कचं एकक) होतात, आणि एम 6 बोल्टला साधारण तेवढंच हवं असतं. एम 8ला 20 ते 25 पुरतात. आपला हात मात्र सहज वीस किलोचा जोर देतो, म्हणजे 40 न्यूटन-मीटर. तेवढ्यात एम 6 तुटतो किंवा अॅल्युमिनियममधले आटे घेऊन बाहेर येतो. ऑइल सोडायचा बोल्ट, प्लग, टॅपेट कव्हर, ही सगळी अॅल्युमिनियमचीच कामं. आटे गेले की हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवणं किंवा मोठ्या मापाचा बोल्ट टाकणं, एवढंच उरतं.

म्हणून रेंच दोन लागतात. चाकाच्या नटांसाठी अर्धा इंची, साधारण 40 ते 200चा. तो मध्यम किमतीचा चालतो. छोट्या बोल्टांसाठी पाव इंची, 5 ते 25चा. यावर मात्र पैसे घाल. मोठ्या रेंचने 10 न्यूटन-मीटर मोजायला जाऊ नकोस, ते त्याच्या पल्ल्याच्या खाली पडतात. आयएसओ 6789 या मानकात 10 न्यूटन-मीटरच्या वरच्या रेंचला अधिक-उणे 4 टक्के चूक चालते. घेतलेला मोठा रेंच घरीच तपासता येतो. त्याचा चौकोनी खुंटा बाकावरच्या शिकंज्यात धर, दांडी आडवी ठेव आणि मुठीच्या अगदी मधोमध वजन टांग. खुंट्यापासून अंतर 40 सेंटिमीटर असेल आणि वजन दहा किलो, तर 39 न्यूटन-मीटर होतात. दांडीच्या स्वतःच्या वजनाचे दोन-तीन वर धर. म्हणजे रेंच 40ला लावला तर टक व्हायला हवं आणि 45ला व्हायला नको. 45लाही टक झालं तर तो कमी आवळतोय, 40लाही झालं नाही तर जास्त. टक झालं की थांबायचं, खात्रीसाठी पुन्हा ओढायचं नाही. काम झाल्यावर स्प्रिंग पल्ल्याच्या सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेव, त्याच्याही खाली नाही. आणि त्याने बोल्ट सोडायचे नाहीत.

प्लगसाठी रबर किंवा चुंबक असलेली खोल गोटी घे, बहुतेक 16ची, जुन्या गाड्यांना 21ची. नवा प्लग इंजिन गार असताना हातानेच शेवटपर्यंत बसव आणि मग वॉशर दाबण्यापुरता अर्धा फेरा. हाताने फिरत नसेल तर आटा तिरका लागलाय. काढून पुन्हा सुरुवात कर. रॅचेट लावून तो सरळ होत नाही.

पक्कड आणि कटर. साधी आठ इंची पक्कड तापारियाची पुरे. जर्मनीतल्या वुपरटालच्या क्निपेक्स कंपनीच्या एका पकडीच्या पैशांत तशा अर्धा डझन तरी येतील, आणि तुझ्या कामाला फरक जाणवणार नाही. सरकत्या जबड्याची, पाइप धरणारी पक्कड मात्र क्निपेक्सची कोब्रा घ्यावी असं मनापासून वाटतं. ती नटाला किंवा पाइपला एकदा चावली की दाबून न धरताही सुटत नाही, आणि अरुंद जागेत एका हाताने सरकवता येते. साइड कटर घेताना उजेडाकडे धरून बंद कर. धारांमधून उजेड आला नाही पाहिजे. मग कागद टोकाने कापून बघ. स्वच्छ कापला गेला तर घे, नुसता चेपला गेला तर नको.

हातोडी, छन्नी, वायर ब्रश, नरसाळं, ऑइलचा ट्रे, चुंबकी वाटी हे सगळं वाशीच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातलं चालेल. जॅक स्टँडवर, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायच्या टेकूंवर, मात्र एक रुपयाही वाचवू नकोस. वजनाची मर्यादा छापलेले, रुंद पायांचे घे, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नकोस. तुमच्या पार्किंगला उतार असेल तर तिथे गाडी उचलायचीच नाही. जुनं ऑइल सोसायटीच्या गटारात सोडू नकोस, डब्यात भरून गॅरेजला दे.

पावसाळा तोंडावर आहे आणि खाडीची दमट हवा लोखंडाला सोडत नाही. काळ्या रंगाची हत्यारं क्रोमवाल्यांपेक्षा लवकर गंजतात. काम झाल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरव. पेटीत स्पंज किंवा फोमचा अस्तर ठेवू नकोस, तो ओल धरतो. सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि पेटी जमिनीवर न ठेवता घरात वर ठेव.

खरेदीला मशीद बंदर स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला जाऊ. तुला हार्बरची लोकल थेट आहे, मी मेनने येतो. रविवार सोडून शनिवारी सकाळीच ये, म्हणजे दुकानदार निवांत असतात आणि नग उघडून बघू देतात. येण्याआधी दोन्ही गाड्यांवरचे बोल्ट नीट बघून मापं कागदावर लिहून आण. मॅन्युअलमधले टॉर्कचे आकडेही उतरव, विशेषतः चाकाचे नट, ऑइल सोडायचा बोल्ट आणि प्लग यांचे. पाव इंची रेंचचा पल्ला त्यावरूनच ठरवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक