सुहासला, यीस्ट स्टार्टरबद्दल

दादर, मुंबई

प्रिय सुहास,

स. न. घरच्या बिअरसाठी यीस्टचं पाकीट थेट फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) ओतलं तर चालेल का, असं विचारलंस. आधी पाकिटावरची तारीख बघ. द्रव यीस्टच्या ताज्या पाकिटात सुमारे १०० अब्ज पेशी असतात, १.०५० ग्रॅव्हिटीच्या (पाण्याच्या तुलनेतल्या घनतेच्या) २० लिटर एलला, म्हणजे खोलीच्या तापमानाजवळ आंबणाऱ्या बिअरला, साधारण १८५ अब्ज लागतात, थंडीत आंबणाऱ्या लागरला त्याच्या दुप्पट. पाकीट फ्रिजमध्ये पडून राहिलं की जिवंत पेशी महिन्यागणिक घटतात. ही तूट स्टार्टर, म्हणजे आधी थोड्या माल्टच्या पाण्यात वाढवलेलं यीस्ट, भरून काढतो. कोरडं यीस्ट असेल तर मात्र स्टार्टर लावूच नकोस. त्या पेशींमधला साठा उगाच खर्ची पडतो.

१ लिटर पाण्याला १०० ग्रॅम कोरडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाचा अर्क) घे, ग्रॅव्हिटी १.०३७ च्या आसपास येते. याहून गोड केलंस तर यीस्ट वाढण्याऐवजी दमतं. १५ मिनिटं उकळ, आणि पातेलं मोठं घे, कारण पहिल्या उकळीला फेस एकदम वर चढतो.

मुंबईत खरी कसोटी थंड करताना लागते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच कोमट येतं, त्यात वर्ट (हे उकळलेलं माल्टचं पाणी) २५ अंशांवर उतरत नाही. नळाच्या पाण्यात उष्णता मोडली की झाकलेलं पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेव. वर्टमध्ये बर्फ टाकायचा नाही! स्टार्टरमध्ये हॉप्स (जंतूंना आवर घालणारी कडू फुलं) नसतात, त्यामुळे आंबट करणाऱ्या जंतूंना रान मोकळं असतं. फ्लास्क, नरसाळं, पाकिटाची कड आणि कात्रीसुद्धा स्टार सॅन या जंतुनाशकाच्या द्रावणातून काढ. लिटरला दीड मिली पुरतं.

थंड झालेलं वर्ट आणि पाकिटातलं यीस्ट ज्यात घालायचं, तो फ्लास्क २ लिटरचा हवा. तोंडावर फॉइल सैल ठेव, एअरलॉक (फक्त वायू बाहेर सोडणारं झाकण) नको; वाढीला ऑक्सिजन लागतो. फ्लास्कखाली ठेवायच्या ढवळणीसाठी लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा आणि दोन निओडिमियम मॅग्नेट आण. मॅग्नेट पंख्याच्या मध्यावर चिकटव, एकाचं उत्तर टोक वर, दुसऱ्याचं दक्षिण. फ्लास्कमधल्या बारच्या (ढवळणाऱ्या चुंबकी कांडीच्या) दोन टोकांइतकंच अंतर त्यांच्यात ठेव, नाहीतर बार सटकून भिंतीवर आपटत राहतो. वेगही बेताचा: वर्टच्या मधोमध छोटी खळी दिसली की पुरे. असं ढवळलं की ताज्या पाकिटाच्या पेशी साधारण दुप्पट होतात. पंखा नसेल तर जाता-येता फ्लास्क गोल हलव. वाढ कमी होईल, पण होईल.

२४ ते ३६ तासांत द्रव दुधाळ, फिकट खाकी दिसतो. घरात ३० अंश असले तरी स्टार्टर निभावतो; बिअर निभावत नाही, एलला १८ ते २० च लागतात. मग फ्लास्क दोन दिवस फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला ठेव. यीस्ट तळाला घट्ट बसलं की वरचा द्रव ओतून दे. त्याची चव शिळ्या, बिनफेसाच्या बिअरसारखी लागते, घाबरू नकोस. पण व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा वास आला, वर साय धरली, तर सगळं फेकून दे. २० लिटर वर्ट पणाला लावण्यापेक्षा १०० ग्रॅम एक्स्ट्रॅक्ट गेलेला परवडला.

फर्मेंटरमध्ये घालण्याआधी यीस्ट थोडा वेळ बाहेर ठेव; वर्ट आणि यीस्ट यांच्यात ५-६ अंशांहून जास्त फरक नको. पुढच्या वेळेसाठी हवं असेल तर त्यातलंच थोडं उकळलेल्या बरणीत काढून झाकण सैल लाव, वर तारीख लिही आणि महिन्याभरात वापर.

तुझा,
अजय