समुद्राखालच्या दऱ्या सगळ्याच बंद पडलेल्या नाहीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्राखालच्या दऱ्यांवरचा (समुद्रतळात कोरलेल्या, गाळ खोल समुद्रात नेणाऱ्या घळींवरचा) तुमचा लेख वाचला, असा विषय घेतलात त्याबद्दल मनापासून आभार, पण एक वाक्य खटकलं म्हणून लिहितोय. समुद्राची पातळी वाढली की या दऱ्या बंद पडतात, म्हणजे त्यांतून गाळ वाहायचा थांबतो, आणि हळूहळू गाळानं बुजतात, असं सरसकट लिहिलंय. हे अर्धंच खरं आहे.

साधारण २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, शाळेत शिकलेला तो भूखंड मंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, बराचसा उघडा पडलेला, आणि नद्या पार त्याच्या कडेपर्यंत जाऊन वाळू थेट दरीच्या तोंडाशी ओतायच्या. मग बर्फ वितळलं, पाणी चढलं, नद्यांची मुखं मागे हटली, गाळ खाड्यांत आणि त्रिभुज प्रदेशातच अडकायला लागला. अशा दरीच्या तळातून नळीनं काढलेला नमुना उभा चिरला की हे डोळ्यांनी दिसतं. खाली वाळूचे थर, प्रत्येक थर तळाशी भरड आणि वर बारीक होत गेलेला, आणि त्यांच्यावर नुसता मऊ राखाडी चिखल, त्यात सूक्ष्म जीवांची कवचं.

इथपर्यंत लेखाशी वाद नाही. पण दरीचं तोंड नदीपासून किती लांब आहे हे बघायलाच हवं ना! आफ्रिकेतल्या काँगो नदीची दरी तर नदीच्या मुखातच शिरलेली आहे, त्यामुळे समुद्र एवढा चढूनही तिला मिळणारा गाळ तुटलेला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे मोठा पूर आला आणि लगेच जानेवारी २०२० मध्ये गाळाचा लोंढा त्या दरीतून ११०० किलोमीटरपेक्षा जास्त धावला, वाटेतल्या इंटरनेटच्या केबल तोडत. बंगालच्या उपसागरातली 'स्वॅच ऑफ नो ग्राउंड' नावाची दरी पण तशीच जागी, गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ आजही तिच्यात उतरतो, चक्रीवादळ आलं की मंचावरचा चिखल ढवळून आत जातो आणि नवा थर बसतो. म्हणजे दरी भरतेय पण आणि जागी पण आहे, दोन्ही एकाच वेळी.

केबल कुठून न्यायच्या हे ठरवताना कुणी 'समुद्र चढलाय, आता दरी शांत' असं धरून चाललं तर महागात पडेल. म्हणून विनंती, त्या वाक्याची दुरुस्ती छापा, आणि पुढे कुठल्याही दरीबद्दल लिहाल तेव्हा तिचं तोंड नदीच्या मुखापासून किती अंतरावर आहे तेवढं नक्की द्या.

आपला,
एक नियमित वाचक