गोळी वाढली म्हणजे आजार वाढला असं नाही

आई, बाबा,

थायरॉईडची गोळी 75 ची 100 झाली म्हटल्यावर बाबा तुम्ही एकदम गप्प झालात, आणि फोनवर मला धड सांगता आलं नाही म्हणून लिहितेय. आजार वाढला नाहीये बाबा, पोटात बाळ आहे म्हणून थायरॉईडच्या हार्मोनची गरज वाढलीये.

बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी 10-12 आठवड्यांना काम सुरू करते खरं, पण पुरेसं हार्मोन बनवायला तिला 18-20 आठवडे तरी लागतात, आणि मेंदू तर त्याच्या कितीतरी आधीपासून घडत असतो, मग तोवर सगळं आईच्याच रक्तातून जातं. त्यात इस्ट्रोजन वाढलं की लिव्हर हे हार्मोन धरून ठेवणारं प्रोटीन जास्त बनवायला लागतं, म्हणून हार्मोन पण जास्त लागतं, जवळजवळ दीडपट. धडधाकट ग्रंथी हे आपोआप करते, माझी नाही करू शकत, म्हणून गोळी वाढवली, एवढंच आहे.

आणि आई, वहिनीच्या गरोदरपणात तिचा टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन) कमी आला होता मग तुझा जास्त कसा, असं विचारत होतीस ना? पहिल्या तीन महिन्यांत एचसीजी नावाचं गरोदरपणाचं हार्मोन खूप वाढतं, ते टीएसएचसारखंच ग्रंथीला कामाला लावतं, म्हणून टीएसएच खाली येतो. तिची ग्रंथी चांगली होती, माझं आधीपासूनच हायपो आहे, म्हणजे ग्रंथी कमी काम करते, त्यामुळे दोघींचे रिपोर्ट शेजारी ठेवून काही कळणार नाही.

तू पाठवलेलं सैंधव मी सध्या वापरत नाहीये, रागावू नकोस. या दिवसांत आयोडीन रोज 250 मायक्रोग्रॅम लागतं, एरवी 150 पुरतं, आणि सैंधवात ते नसल्यासारखंच, म्हणून साधं आयोडीनवालं मीठच बरं. इकडे आलीस की सकाळी उठल्या उठल्या दुधाचा ग्लास पण हातात देऊ नकोस हं, गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची असते, आणि लोहाच्या अन कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगाला लागतच नाही.

डिलिव्हरी झाली की डोस बहुतेक परत जुन्यावर येईल, मग सहा आठवड्यांनी तपासणी. तोपर्यंत दर चार आठवड्यांनी रक्त द्यायचंय. बाबा, रिपोर्ट आला की व्हॉट्सॲपवर टाकते, टीएसएच 2.5 च्या आत आहे ना तेवढं बघा, बाकी आकडे रात्री जागून शोधत बसू नका.

तुमची,
ताई