कोलकात्याला एक दिवस, तोही सोमवार

महोदय,

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी आणि माझी धाकटी बहीण कोलकाता बघायला निघालो आहोत. एका सहल कंपनीच्या पत्रिकेत या शहराला एकच दिवस दिला होता, तोही सोमवार. व्हिक्टोरिया मेमोरियलची दालने आणि १८१४ साली स्थापन झालेले इंडियन म्युझियम, दोन्ही सोमवारी बंद! विचारले तर उत्तर आले, "बाहेरून फोटो काढता येतील." आम्ही पैसे परत घेतले.

आता वही घेऊन दोघीच आखणी करतोय. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, ती तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे. पहाटे हावडा पुलाजवळचा मल्लिक घाटाचा फुलबाजार, मग हुगळीच्या पात्राखालून मेट्रो. आणि ट्राम! १८७३ पासूनची ही ट्राम आता मोजक्याच मार्गांवर उरली आहे. तिच्यासाठी मी अख्खी दुपार राखली आहे. बहिणीला पटलेले नाही.

सहल कंपन्यांनी प्रेक्षणीय स्थळांचे साप्ताहिक सुट्टीचे वार पत्रिकेत ठळक छापावेत. आपल्या पर्यटन पुरवणीतही ते द्यावेत, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे