तुझ्या जन्माआधीचा हिशेब

नाशिक

चि. निखिल,
अनेक उत्तम आशीर्वाद.

"मी तिकडे गेलो, तू मनाला लावून घेतलंस, म्हणून तुला कॅन्सर झाला," असं परवा फोनवर म्हणालास. तू रडत होतास आणि इकडे कुकर शिट्ट्या देत होता, म्हणून तेव्हा बोलले नाही. आता लिहिते.

स्तनात हाताला गाठ लागलीच नव्हती. मॅमोग्राफीत कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसले, बायोप्सीत डीसीआयएस निघालं, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरची अगदी सुरुवातीची पायरी. दुधाच्या नळीच्या अस्तरातल्या पेशी बिघडल्या होत्या, पण भिंत ओलांडून बाहेर पडल्या नव्हत्या. ऑपरेशनचे टाके सुकलेत. बीआरसीए-१ आणि २ या जनुकांची तपासणी (त्यांतला दोष आईकडून मुलांत उतरू शकतो) निगेटिव्ह आली. ऐकून ताईचा जीव भांड्यात पडला. तरी पुढे मॅमोग्राफी चुकवायची नाही, असं बजावलंय तिला.

आता तुझ्या टेन्शनच्या सिद्धांताबद्दल. (मावशीचा सिद्धांत प्लॅस्टिकच्या डब्यांचा आहे.) २०२३ मध्ये जपानात क्योटो विद्यापीठाच्या सेइशी ओगावांच्या गटाने स्तनातल्या एकेका पेशीच्या डीएनएतले बदल मोजले. हे बदल साधारण ठरावीक गतीने साचतात, म्हणून कुठला कधी झाला याचा अंदाज बांधता येतो. काही स्तन-कॅन्सरांत १ आणि १६ नंबरची गुणसूत्रं तुटून एकमेकांना भलतीच जोडलेली असतात. ही चूक वयात येताना, विशीच्या आतच झालेली निघाली. कॅन्सर दिसला त्यानंतर कित्येक दशकांनी! माझ्या पेशींत तीच चूक आहे का, हे कोणी पाहिलेलं नाही. पण असली, तर ती झाली तेव्हा मी दोन वेण्या घालून सायकलने शाळेत जात होते. तुझे बाबा कोण हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

त्यातच आणखी एक सापडलं, ते मी दोनदा वाचलं. पाळी चालू असेपर्यंत निरोगी पेशीत वर्षाला वीसेक नवे बदल होतात, पाळी गेल्यावर आठेक. आणि दर बाळंतपणामागे या बेरजेतून सरासरी पन्नासएक कमी भरतात. म्हणजे ताईचे पन्नास आणि तुझे पन्नास, माझ्या खात्यातून वजा. मला आजारी पाडल्याचं श्रेय तू कसलं घेतोस?

सोमवारपासून रेडिएशन. बाबा स्वयंपाक शिकताहेत, कालच्या आमटीत मीठ दोनदा पडलं. घाईने तिकीट काढू नकोस, दिवाळीलाच ये.

तुझी
आई